एका रानफुलाचा दाखला : मेरिवेदर लुइसचें ‘कडूमूळ’

१

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, शिलालेख, नाणीं, सनदा, महजर, पत्रव्यवहार व बखरी हीं येतात. कागदांत दाबून वाळविलेली एखादी वनस्पति हेंही इतिहासाचें साधन होऊं शकतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वस्तुतः वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या संग्रहास हर्बेरियम म्हणतात, त्यांतील प्रत्येक नमुना हा एक दस्तऐवजच होय. त्यास तारीख असते, स्थळ असतें, चिठ्ठी लिहिणाराचें हस्ताक्षर असतें. तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेलेला असतो. आणि त्याचा खरेखोटेपणा ठरवितांना, जुन्या दप्तरांतील कागदास आपण जे प्रश्न विचारतों तेच त्यालाही विचारावे लागतात. हा लेख अस्सल कीं नक्कल? लिहिणारा त्या ठिकाणीं प्रत्यक्ष हजर होता काय? मधल्या काळांत कागद कोणाच्या ताब्यांत होता? दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याशीं त्याचा मेळ बसतो काय?

या परीक्षेस उतरवून पाहण्याजोगें एक उदाहरण उत्तर अमेरिकेंतील रॉकी पर्वताच्या मुलखांत सांपडतें. तेथील एका रानफुलास इंग्रजींत ‘बिटररूट’, म्हणजे कडूमूळ, असें म्हणतात; त्याचें शास्त्रीय नांव लुइसिया रेडिविवा. मेरिवेदर लुइस यानें १८०६ सालीं खुडलेला त्याचा नमुना आज फिलाडेल्फिया शहरांतील अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेस या संस्थेंत आहे. नमुन्याच्या चिठ्ठींत अवघीं तीन विधानें आहेत. इंडियन लोक याचें मूळ खातात. स्थळ क्लार्क नदीच्या जवळ. आणि तारीख १ जुलै १८०६. या तीन विधानांची छाननी करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम प्रसंग थोडक्यांत सांगितला पाहिजे. १८०३ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं फ्रान्सपासून लुइझियाना हा विस्तीर्ण मुलूख विकत घेतला. अध्यक्ष टॉमस जेफर्सन यानें मिसुरी नदीच्या वाटेनें पॅसिफिक महासागरापर्यंत जाण्यासाठीं मेरिवेदर लुइस व विल्यम क्लार्क यांच्या नेतृत्वाखालीं एक तुकडी नेमली. वनस्पति कशा ओळखाव्या व कशा वाळवाव्या, याचे धडे लुइसनें निघण्यापूर्वीं फिलाडेल्फियास जाऊन डॉ. बेंजामिन स्मिथ बार्टन याजकडून घेतले होते. तुकडी मे १८०४ मध्यें निघाली, नोव्हेंबर १८०५ मध्यें समुद्रकांठीं पोंचली व २३ सप्टेंबर १८०६ रोजीं सेंट लुइस येथें परत आली.

आतां खुद्द फुलाविषयीं. ही वनस्पति कोरड्या, खडकाळ, मुरमाड जमिनींत उगवते. बर्फ वितळतांच तिच्या बारीक मांसल पानांचा एक लहानसा झुबका जमिनीवर दिसूं लागतो. फुलण्याची वेळ येईतों हीं पानें बहुधा सुकून जातात, आणि मग भुईसरपट, जणूं नुसत्या खडीमातींतूनच उमलावें असें, सुमारें दोन इंच रुंदीचें गुलाबी किंवा पांढरें फूल उमलतें. खाण्याचें मूळ मात्र फुलापूर्वीं, वसंतऋतूंत, काढितात. कारण त्या वेळीं त्याची साल सहज सुटते. म्हणजे ज्यानें केवळ फूल पाहिलें त्यास खाण्याचें मूळ ठाऊक नसावयाचें, व ज्यानें केवळ सोललेलें, वाळलेलें मूळ पाहिलें त्यास फूल ओळखतां यावयाचें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

३

लुइसनें जमविलेल्या सर्वच वनस्पति आपणांपर्यंत पोंचल्या नाहींत. एप्रिल १८०५ मध्यें मँडन लोकांच्या गांवांजवळील तळावरून त्यानें कांहीं नमुने नावेनें मागें जेफर्सनकडे पाठविले. ते मैदानी मुलखांतील होते. तेथून पुढें जमविलेले नमुने त्यानें मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांपाशीं जमिनींत पेंव खणून पुरून ठेविले. परतीच्या वाटेवर, १३ जुलै १८०६ रोजीं, तें पेंव उघडलें तों नदीचें पाणी आंत शिरून सर्व वनस्पति कुजून गेल्या होत्या. आज उपलब्ध असलेल्या संग्रहांत पर्वतापलीकडील व पर्वतांतील नमुने बहुतेक परतीच्या प्रवासाचे आढळतात, त्याचें एक कारण हें होय. एखाद्या दप्तरांत मधलींच कांहीं वर्षें कोरीं दिसलीं, तर त्या वर्षीं कांहीं घडलेंच नाहीं असें अनुमान आपण काढीत नाहीं. वाळवी, आग किंवा पाणी यांचा शोध घेतों. येथेंही तोच न्याय लागू आहे.

कडूमुळाशीं लुइसची पहिली गांठ मात्र फुलाच्या रूपानें पडली नव्हती. २२ ऑगस्ट १८०५ च्या रोजनिशींत पुढील हकीकत आहे. तुकडींतील शिकारी जॉर्ज ड्रुइयार यास वाटेंत शोशोनी लोकांची एक लहान टोळी भेटली. त्यांतील एका तरुणानें त्याची बंदूक उचलून घोडा पिटाळला. ड्रुइयारनें पाठलाग करून ती परत मिळविली, आणि त्या लोकांनीं मागें टाकलेलें सामान तो तळावर घेऊन आला. त्या सामानांत वाळविलेलीं मुळें तीन प्रकारचीं होतीं. त्यांपैकीं एक पांढरें, ठिसूळ व पिसाच्या देंठाएवढें जाड होतें. लुइसनें तें शिजवून चाखलें; तें त्यास इतकें कडू लागलें कीं त्यानें तें तेथील लोकांस देऊन टाकलें, व त्यांनीं तें आवडीनें खाल्लें. मूळ खाल्लें जातें ही गोष्ट, याप्रमाणें, लुइसनें स्वतः डोळ्यांनीं पाहिली होती. परंतु तें मूळ कोणत्या वनस्पतीचें, हें त्या दिवशीं त्यास समजण्याचें कांहींच साधन नव्हतें. समोर होतें तें पान-फुलावांचूनचें सोललेलें मूळ.

४

आतां चिठ्ठींतील तारीख व स्थळ पाहूं. तुकडी परत येतांना ३० जून १८०६ रोजीं पर्वत उतरून ‘ट्रॅव्हलर्स रेस्ट’ म्हणजे ‘प्रवाशांचा विसांवा’ या तळावर पोंचली. तेथें तिनें दोन दिवस मुक्काम केला व ३ जुलै रोजीं लुइस आणि क्लार्क हे दोन वेगळ्या वाटांनीं निघाले. म्हणजे १ जुलै हा मुक्कामाचा दिवस होता. फुलाचा हंगामही त्या दिवसाशीं जुळतो. तारखेविषयीं शंका घेण्यास जागा राहत नाहीं.

स्थळाविषयीं मात्र एक खांचखळगा आहे. आजच्या नकाशावर ‘क्लार्क फोर्क’ नांवाची नदी आहे, आणि चिठ्ठी वाचून कोणीही प्रथम तिच्याकडेच बोट दाखवील. पण लुइसनें ज्या नदीस क्लार्कचें नांव दिलें, तिचा हा वरचा ओघ आज बिटररूट या नांवानें ओळखला जातो. तेव्हां चिठ्ठींतील नदी म्हणजे आजची बिटररूट नदी होय. जुन्या कागदांतील गांवांचीं नांवें आजच्या नकाशावर जशींच्या तशीं बसवूं पाहणारास जी चूक नेहमीं भोंवते, तीच ही.

तळाची जागाही दीर्घकाळ थोडी चुकीची समजली जात होती. लोलो ओढा बिटररूट नदीस मिळतो तो संगमच ती जागा, असा समज होता. २००२ सालच्या उत्खननांत संगमापासून ओढ्याच्या वरच्या अंगास चुलींच्या खुणा व एका शौचचराचा माग लागला, आणि त्या चरांतील मातींत पारा आढळला. तुकडीजवळ डॉ. बेंजामिन रश यानें दिलेल्या पारायुक्त रेचक गोळ्या होत्या, हें कागदोपत्रीं नमूद आहे. त्यामुळें जागेची निश्चिति झाली. फूल नेमकें तेथेंच खुडलें, हें यावरून सिद्ध होत नाहीं; परंतु चिठ्ठी, रोजनिशी व जमीन या तीन स्वतंत्र साक्षीदारांची जबानी एकमेकांस धरून आहे, इतकें निश्चित म्हणतां येतें.

५

यापुढील प्रश्न अस्सल आणि नकलेचा. नमुना लुइसनें खुडलेला, हें खरें; पण चिठ्ठीचें अक्षर लुइसचें नाहीं. तें फ्रेडरिक पर्श या जर्मन वनस्पतिज्ञाचें आहे. १८०७ सालीं लुइस आपले नमुने घेऊन फिलाडेल्फियास आला. तेथील बर्नार्ड मॅकमहोन या बागवानाच्या शिफारशीनें त्यानें नमुने लावण्याचें व चित्रें काढण्याचें काम पर्शकडे सोंपविलें व त्याबद्दल त्यास सत्तर डॉलर दिले. पर्शनें नमुने लावतांना लुइसच्या टिपणांवरून चिठ्ठ्या नव्यानें लिहिल्या. मूळ टिपणें बहुतेक नाहींशीं झालीं. म्हणजे आज आपल्या हातीं आहे ती नक्कल. मात्र नक्कल करणारानें अस्सल समोर ठेवून, मालकाच्या हयातींत व त्याच्याच सांगण्यावरून केलेली. अशा नकलेस आपण बरेंच वजन देतों, पण आंधळेपणानें देत नाहीं. पर्शच्या लिखाणांत इतरत्र स्थळांच्या व तारखांच्या चुका निघालेल्या आहेत. म्हणून त्याची प्रत्येक चिठ्ठी रोजनिशीशीं ताडून पाहावी लागते. कडूमुळाची चिठ्ठी त्या कसोटीस उतरते, हें वर दाखविलेंच आहे.

या फुलाच्या शास्त्रीय नांवाची कथाही याच काळांतली. लुइसच्या वाळलेल्या नमुन्यांपैकीं एका मुळांत जीव दिसल्यावरून तें मॅकमहोनच्या बागेंत लावण्यांत आलें, आणि त्यास पालवी फुटली. सुमारें वर्षभर जगून तें पुढें मेलें. यावरून पर्शनें १८१४ च्या आपल्या उत्तर अमेरिकेच्या वनस्पतिविषयक ग्रंथांत या वनस्पतीस लुइसच्या नांवावरून ‘लुइसिया’ व पुनरुज्जीवित या अर्थीं ‘रेडिविवा’ असें नांव दिलें. ही आख्यायिका नव्हे. पुढें ब्रिटिश कोलंबियांत डॉ. डेव्हिड लायल यानें जमविलेला नमुना, त्याचा चिवटपणा ठाऊक असल्यामुळें, उकळत्या पाण्यांत बुडवून मग वाळविला होता; तरीही दीड वर्षाहून अधिक काळ संग्रहांत राहून तो पुन्हां अंकुरला, आणि १८६३ सालीं क्यू येथील बागेंत त्यास फूल आलें.

६

फूल चिवट होतें. संग्रहाचें दैव तसें नव्हतें. लुइस ११ ऑक्टोबर १८०९ रोजीं टेनेसींतील एका वाटेवरच्या खाणावळींत मृत्यु पावला. त्याचें वनस्पतींविषयीं लिहिण्याचें काम सुरूही झालें नव्हतें. त्याच सालीं पर्श फिलाडेल्फिया सोडून गेला. पुढें तो लंडनास पोंचला तेव्हां लुइसच्या नमुन्यांपैकीं कांहीं अखंड, तर कांहींचे तोडून घेतलेले भाग त्याच्याजवळ होते. लंडनमध्यें आयल्मर बूर्क लॅम्बर्ट या धनिक संग्राहकानें त्यास आश्रय दिला, व तेथेंच त्याचा ग्रंथ पुरा झाला. मागें राहिलेले नमुने क्लार्कनें १८१० सालीं बार्टनच्या स्वाधीन केले. बार्टननें मोहिमेच्या वृत्तांताचा शास्त्रीय भाग लिहावयाचा होता. पण १८१५ सालीं तोही वारला, व तो भाग लिहिला गेलाच नाहीं.

याप्रमाणें एकाच दप्तराचे दोन तुकडे होऊन एक अटलांटिकच्या अलीकडे व एक पलीकडे पडला. लॅम्बर्टच्या मृत्यूनंतर १८४२ सालीं लंडनांत त्याच्या संग्रहाचा लिलांव झाला. त्यांतील लुइसच्या नमुन्यांचा गठ्ठा एडवर्ड टकरमन या अमेरिकन वनस्पतिज्ञानें विकत घेतला व १८५६ सालीं फिलाडेल्फियाच्या अकॅडमीस देऊन टाकला. दुसरा तुकडा त्याच शहरांत अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कोठारांत विस्मृत होऊन पडला होता. तो टॉमस मीहान यानें १८९६ सालीं शोधून काढला व १८९८ सालीं त्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. मग दोन्ही तुकडे अकॅडमीच्या एकाच छपराखालीं आले. आज त्या संग्रहांत सव्वादोनशेंच्या आसपास नमुने आहेत. ज्यांनीं एखाद्या घराण्याच्या दप्तराचे अर्धे रुमाल एका वाड्यांत व अर्धे रद्दीवाल्याकडे पाहिले आहेत, त्यांस या संयोगाचें मोल निराळें सांगावयास नको.

७

राहिलें तें विधान चिठ्ठींत पहिलें असूनही बहुतेक अभ्यासकांनीं शेवटीं पाहिलें : इंडियन लोक याचें मूळ खातात. आमच्या मतें हेंच या चिठ्ठींतील सर्वांत मोलाचें वाक्य होय. कारण तारीख व स्थळ लुइसच्या स्वतःच्या माहितीचीं होतीं, पण हें ज्ञान त्याचें एकट्याचें असूं शकत नाहीं. ऑगस्ट १८०५ मध्यें त्यानें सोललेलें मूळ पाहिलें. जुलै १८०६ मध्यें त्यानें पर्णहीन फूल पाहिलें. तीं दोन्ही एकाच वनस्पतीचीं, हें सांगणारा कोणीतरी असला पाहिजे. त्या दिवशीं तळावर नेझ पर्से जातीचे वाटाडे तुकडीबरोबर होते. हें मूळ त्यांच्या खाण्यांतलें होतें. त्यांच्यापैकींच कोणीं तें सांगितलें असावें, असा आमचा तर्क आहे. फुलास लुइसचें नांव मिळालें, ओळख पटविणाराचें नांव चिठ्ठींत आलें नाहीं.

ज्या खोऱ्यांत हें फूल खुडलें तें सेलिश लोकांचें होतें. ४ सप्टेंबर १८०५ रोजीं याच खोऱ्याच्या वरच्या टोकास त्यांनीं लुइस-क्लार्कच्या तुकडीचें स्वागत केलें व तिला घोडे दिले. वसंतांत पहिलें कडूमूळ काढण्यापूर्वीं प्रार्थना करण्याचा त्यांचा परिपाठ आजही चालू आहे. १८५५ च्या हेलगेट तहानें त्यांच्या मुलखाचा मोठा भाग गेला. बिटररूट खोऱ्याचा प्रश्न मात्र पुढील निर्णयावर सोंपविला होता. १८७२ सालीं जेम्स गारफील्ड हा पुढें अध्यक्ष झालेला गृहस्थ त्यांना उत्तरेकडील राखीव प्रदेशांत हलविण्याचा करार घेऊन आला. त्यांचा नायक शार्लो यानें सही करण्याचें साफ नाकारलें. तथापि जो करार छापून प्रसिद्ध झाला त्यावर शार्लोची निशाणी होती. शार्लो आयुष्यभर सांगत राहिला कीं, ती निशाणी आपली नव्हे. १८८३ सालीं सेनेटर व्हेस्ट यानें चौकशी करून अस्सल कागद पाहिला, तों त्यावर निशाणी नव्हती.

येथें दोन नकला शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. एकाच खोऱ्याविषयींच्या, एकाच शतकांतील. एक नक्कल सत्तर डॉलरांवर ठेवलेल्या परक्या माणसानें एका रानफुलाच्या कागदावर केली, आणि ती खरी निघाली. दुसरी एका राष्ट्राच्या नांवानें छापून प्रसिद्ध झाली, आणि ती खोटी निघाली. नकलेची योग्यता ती करणाराच्या अधिकारावरून ठरत नाहीं, हें यांतून शिकण्याजोगें आहे. अस्सल जपून राहिलें म्हणूनच शार्लोचें म्हणणें खरें ठरलें. पण त्याचा त्यास उपयोग झाला नाहीं. ऑक्टोबर १८९१ मध्यें त्याच्या लोकांस खोरें सोडून जावें लागलें. त्यानंतर चार वर्षांच्या आंत, १८९५ सालीं, माँटाना संस्थानानें कडूमुळाच्या फुलास आपलें राज्यपुष्प म्हणून मान्यता दिली.

८

एवंच, चिठ्ठींतील तिन्ही विधानें खरीं ठरतात. तारीख रोजनिशीनें सिद्ध होते. स्थळ जुन्या नांवाचा अर्थ नीट लावल्यास व जमिनींतील पुराव्यानें सिद्ध होतें. आणि तिसरें विधान सेलिश लोकांच्या आजवर चालत आलेल्या आचारानें सिद्ध होतें. पहिल्या दोहोंसाठीं आपणांस ग्रंथालयें व संग्रह यांचे आभार मानावे लागतात. तिसऱ्यासाठीं ज्यांचे मानावयाचे, त्यांचीं नांवें कोणीं लिहूनच ठेविलीं नाहींत.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. जुन्या पोथ्यांत, रोजनिशींत किंवा वैद्यांच्या बाडांत वाळलेलें पान अथवा फूल सांपडल्यास तें कचरा म्हणून झटकून टाकूं नये. ज्या पृष्ठांत असेल त्याचा अंक नोंदवावा, जवळ चिठ्ठी असल्यास ती त्यापासून वेगळी करूं नये, आणि जाणत्या वनस्पतिज्ञास दाखवावें. फुलावांचून चिठ्ठी ही नुसती बातमी, व चिठ्ठीवांचून फूल हें नुसतें गवत. दोन्ही एकत्र राहिलीं तरच त्यांचा दाखला होतो.